गावरान कोंबडीची पैदास: अंडी फोल का जातात आणि काय करायचं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत परसात, मळ्यात किंवा वस्तीवर पाच-पन्नास कोंबड्या पाळणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. आकडे गावरान कोंबडीचे आहेत. सुधारित जातीला वेगळं काही लागू असेल तिथे तसं लिहिलं आहे.

घरात कोंबडा नाही, तरी कोंबडी अंडी देते. मग कोंबडा कशाला?

अंडी फक्त खायची असतील तर नकोच. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, वयात आली, पोटभर खायला मिळालं आणि दिवस पुरेसा मोठा असला की ती अंडी घालते. कोंबडा असो वा नसो, चवीत किंवा ताकदीत फरक पडत नाही. पिल्लं हवी असतील तरच त्याची गरज.

दुकानातल्या ट्रेमधली अंडी कोंबडीखाली ठेवून एकवीस दिवस वाट पाहणारे दरवर्षी भेटतात. ती अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात आणि तिथे नर नसतोच. तपकिरी अंडं दिसलं म्हणजे ते गावरान, असंही नाही. कवचाचा रंग जातीवरून ठरतो.

कोंबडा सोडल्यावर फलित अंडी कधीपासून मिळतात?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरुवात होते. उबवण्यासाठी गोळा करायची असतील तर आठवडाभर थांबा, म्हणजे कळपातल्या बहुतेक कोंबड्यांपर्यंत तो पोचलेला असतो.

कोंबडीच्या अंडनलिकेत वीर्य साठवणाऱ्या बारीक नळ्या असतात. एकदा कोंबडा चढला की दहा ते चौदा दिवस, कधी तीन आठवडेही, ती फलित अंडी देऊ शकते. म्हणून कोंबडा बदलला तर जुना काढल्यापासून तीन आठवडे अंडी खाण्यात घाला, आणि त्यानंतरची नव्या कोंबड्याची धरा. ही तीन आठवड्यांची गोष्ट विसरल्यामुळे 'शेजारचा भारी कोंबडा आणला, पण पिल्लं जुन्याच वळणाची निघाली' अशी तक्रार येते.

एका कोंबड्यामागे कोंबड्या किती?

गावरानला आठ ते दहा. गिरिराज, वनराजसारख्या जड अंगाच्या जातींना सहा ते आठ. पंधरा-वीस कोंबड्यांत एक कोंबडा ठेवला की काही जणी सुटतातच, कारण त्याच्या दोन-तीन आवडत्या ठरलेल्या असतात. उलट तीन कोंबड्यांत एक कोंबडा ठेवला तर त्यांच्या पाठीची पिसं जातात, कातडी सोलवटते आणि त्या त्याला बघून पळू लागतात. अशी कोंबडी वेगळी काढा, पिसं येईपर्यंत दोन-तीन आठवडे तिला आराम द्या आणि कोंबड्याच्या आरीचं, म्हणजे पायामागच्या काट्याचं, टोक कानशीने बोथट करा.

दहा कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवल्याने फलन वाढत नाही. एक चढला की दुसरा त्याला खाली पाडतो. जादा कोंबडा जरूर ठेवा, पण वेगळ्या खुराड्यात.

कोंबडा धडधाकट आहे, चढतोही, तरी अंडी फोल जातात. असं का?

'चढतो' आणि 'जमतं' यांत फरक आहे. संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान कळप मोकळा सोडून अर्धा तास बघत बसा, कारण दिवसाच्या शेवटाला जोड जास्त लागते. कोंबडा पाठीवर नीट तोल धरतो का, शेपूट खाली वळवतो का, आणि उतरल्यावर कोंबडी उभी राहून पिसं झाडते का, एवढं पाहा. पिसं झाडली म्हणजे बहुधा जमलं. तो घसरून पडत असेल तर पाय तपासा. तळव्याला काळा खपला आणि सूज असेल, नख वाढून वाकडं झालं असेल किंवा सांधा दुखत असेल तर तो कितीही देखणा असला तरी उपयोगाचा नाही.

नंतर रात्री त्याला हातात घ्या आणि विष्ठेच्या जागेभोवतीची पिसं बाजूला करा. पिसांच्या बुडाशी पांढरे दाणे चिकटलेले असतील तर त्या उवांच्या लिखा आहेत. उवांनी बेजार झालेला कोंबडा खातो कमी आणि चढतोही कमी. पशुवैद्यकाने सांगितलेली पावडर पिसांच्या मुळाशी चोळा, दहा दिवसांनी पुन्हा चोळा, आणि राख-मातीचा खड्डा कायम मोकळा ठेवा. मांडवात बसायच्या काठ्यांच्या फटीही बघा. लाल गोचीड दिवसा तिथे लपते आणि रात्री रक्त पिते.

कोंबड्यात दोष नसेल तर ऋतूकडे वळा. जत, आटपाडी, माण, खटाव, फलटण या भागात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. त्या उन्हात कोंबडा सावलीला चोच उघडी टाकून बसतो, जोड कमी लागते आणि वीर्यही कमकुवत होतं. उन्हाचा तडाखा ओसरला तरी फलन सुधारायला दोन-तीन आठवडे लागतात, कारण नवं वीर्य तयार व्हायला तेवढा वेळ जातो. पत्र्यावर पाचट अंथरा, दुपारी पाण्याचं भांडं दोनदा बदला आणि दाणा पहाटे व सूर्यास्ताला टाका. उघड्या मानेच्या कोंबड्या ऊन जास्त सोसतात. दिसायला त्या बऱ्या नसतात, पण माणदेशात त्यांना हसू नका.

वयही पाहा. गावरान कोंबडा सहा-सात महिन्यांनी पैदाशीला येतो, दोन वर्षांपर्यंत जोरात असतो आणि पुढे उतरणीला लागतो. पिसं गळण्याच्या काळात दोघंही थंड असतात. ते आपोआप सुधारतं.

अंडं फलित आहे की नाही, हे उबवण्याआधी कळतं का?

कवच न फोडता नाही. म्हणून चार-पाच कोंबड्यांची मिळून आठ-दहा ताजी अंडी फोडून बघायची. ती खाण्यात जातात, नुकसान काही नाही.

अंडं पसरट बशीत हळू फोडा. बलकावर एक पांढरट ठिपका दिसेल. तो खाली गेला असेल तर बलक चमच्याने अलगद वळवा. फोल अंड्यातला ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा, गच्च पांढरा आणि कडेला ओबडधोबड असतो, दह्याचा कण पडल्यासारखा. फलित अंड्यातला चार-पाच मिलिमीटरचा, गोल असतो; त्याच्या मध्यभागी जरा पारदर्शक भाग आणि भोवती पांढरी कडी दिसते. अंडं बाहेर पडतं तेव्हा आतला जीव एक दिवसाचा झालेला असतो, ही कडी त्याचीच. पहिल्या दोन अंड्यांत गोंधळ होईल, पाचव्यापासून नजर बसते.

दहापैकी आठ-नऊ कडीवाली निघाली तर कोंबडा ठीक आहे. पिल्लं तरीही निघत नसतील तर दोष साठवणीत किंवा उबवणीत शोधा. पाच किंवा त्याहून कमी निघाली तर आधी कोंबडा बदला, उबवणीच्या मशीनवर नंतर बघू.

जत्रेला मोठा कोंबडा गेला. धाकटा उरलाय, तो चालेल का?

चालेल, पण गावोगावच्या कळपांची ताकद इथेच गळते. चैत्र-वैशाखात जत्रा, त्यापाठोपाठ आखाड. गिऱ्हाईक दारात उभं राहतं आणि सगळ्यात तुऱ्याचा, भरदार छातीचा कोंबडा दाखवून भाव सांगतं. तो जातो. मागे राहतो तो उशिरा वाढलेला, बारक्या चणीचा भाऊ, आणि पुढच्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच होतो. असं पाच वर्षं चाललं की 'आमच्या कोंबड्या पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत' हे वाक्य ऐकू येतं. दोष जातीला दिला जातो. वास्तविक आपणच दरवर्षी उलटी निवड केलेली असते.

उपाय साधा आहे. पिल्लं दहा-बारा आठवड्यांची झाली की जत्रेच्या आधीच दोन नर निवडून त्यांच्या पायात रंगीत कडी घाला आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की हे विकायचे नाहीत. एक कामाला, एक राखीव. निवडताना वजन एकटं बघू नका. पाय सरळ आणि मजबूत, चोच नीट मिटणारी, डोळा तेजदार, आणि आई अशी की जी जास्त अंडी देते, खुडूक (अंडी उबवायला) बसून पिल्लं नीट सांभाळते आणि साथीत तगलेली आहे. कोंबड्यात आईचेही गुण दडलेले असतात, ते त्याच्या लेकींत दिसतात.

नवसाचा कोंबडा असेल तर तो वेगळा धरा. देवाला सोडलेला कोंबडा कळपात फिरतो तेव्हा पैदास त्याचीही होते, हे मात्र लक्षात असू द्या.

भाऊ-बहिणीची पैदास झाली तर खरंच नुकसान होतं?

एका पिढीत डोळ्यांना दिसत नाही. सख्खा भाऊ-बहीण किंवा बाप-लेक यांच्या पिल्लांत नात्याचा दर, म्हणजे आई-बाप एकाच रक्ताचे असल्याने येणारा सारखेपणा, २५ टक्के होतो. सावत्र भावंडांत साडेबारा. हा दर चढत गेला की आधी अंड्यातच पिल्लं मरू लागतात, मग वाढ खुंटते, अंडी घटतात. म्हणजे फलन चांगलं आणि पिल्लं कमी, हे कोड्यात टाकणारं चित्र नात्यातूनही येतं.

दरवर्षी किंवा फार तर दोन वर्षांनी बाहेरचा कोंबडा आणा. तो आणल्यावर तीन आठवडे वेगळा ठेवा, नाहीतर कोंबड्याबरोबर मानमोडीची (राणीखेत) साथही घरात येईल.

विकत आणायचा नसेल तर वस्तीवरची तीन घरं मिळून करतात ती पद्धत चांगली. लाल, निळा, पिवळा असे तीन गट. तलंगा आईच्याच गटात राहतात. लाल गटातला निवडक कोंबडा निळ्यात जातो, निळ्यातला पिवळ्यात, पिवळ्यातला लालमध्ये. दरवर्षी हीच दिशा, उलटं कधी नाही. घरं एकमेकांना चिकटून असतील तर मात्र कागदावरचे गट कोंबडे पाळत नाहीत. पैदाशीच्या महिन्यात तरी जाळी हवी.

गिरिराज, वनराज, कडकनाथ यांची अंडी घरी उबवावीत का?

गिरिराज बंगळूरची आणि वनराज, ग्रामप्रिया हैदराबादची. तिन्ही संकरातून तयार केलेल्या. त्यांची अंडी फलित होतात, पिल्लंही निघतात, पण ती आई-बापासारखी एकसारखी नसतात. एक झपाट्याने वाढतं, दुसरं गावरानइतकंच राहतं. दरवेळी नवी पिल्लं आणणं हाच त्यांचा हिशेब. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून त्यांची अंडी गावरानखाली ठेवावी लागतात.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती शुद्ध जात असल्याने पिल्लं बापासारखीच निघतात. कळपात गावरान कोंबडा घुसला तरी संकराची पिल्लं बऱ्याचदा काळीच दिसतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून शुद्धता ठरवू नका. २०१९ मध्ये आपल्याकडच्या बऱ्याच लोकांचे पैसे कडकनाथमध्ये अडकले, पण त्यात कोंबडीचा दोष नव्हता. अंडी चढ्या भावाने परत घेण्याच्या वायद्यावर सगळं उभं होतं.

ब्रॉयलरचा कोंबडा गावरानावर सोडू नका. तो सहा महिन्यांत इतका जड होतो की पाय धरत नाहीत आणि कोंबडीची पाठ फाटते.

पैदाशीच्या कोंबड्यांना खायला काय?

उकिरड्यावर चरणारी कोंबडी किडे, पाला, दाणा स्वतः जमवते. तिला रोज ४० ते ५० ग्रॅम वरखाद्य पुरतं. मका किंवा ज्वारीचा भरडा, शेंगदाण्याची पेंड आणि मूठभर लसूणघास किंवा शेवग्याचा पाला. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. कोंबडीला तो हवा असतो, कोंबड्याला जास्त झाला तर मूत्रपिंडाला बाधतो.

मक्याचा वास घ्या. पावसात भिजलेला, कुबट, निळसर बुरशी आलेला मका दिला तर फलन आणि उबवण दोन्ही घसरतात. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेलं पोतं महाग पडतं. सरकीची पेंडही पैदाशीच्या कोंबड्यांना नको.

हिरवा पाला अजिबात मिळत नसेल तर अंडी गोळा करण्याच्या दोन आठवडे आधीपासून जीवनसत्त्वांचं मिश्रण पाण्यातून द्या. ब-२ कमी पडलं तर गर्भ अर्ध्यावर मरतात किंवा पिल्लाची बोटं आत वळलेली निघतात.

अंडी किती दिवस साठवता येतात? फ्रिजमध्ये ठेवली तर?

१५ ते १८ अंश तापमानात सात दिवस. त्यानंतर रोज थोडी थोडी घट, आणि दहा दिवसांपुढची अंडी खाण्यात घातलेली बरी. घरच्या फ्रिजमधली चार-पाच अंशांची थंडी गर्भाला सोसत नाही.

खरी अडचण उन्हाळ्याची. २०-२१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढायला लागतो. मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ३५ अंशांत पडलेलं अंडं धड उबत नाही आणि धड झोपतही नाही, आत जीव अर्धवट वाढून मरतो. म्हणून मेमध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. मातीच्या पसरट भांड्यात ओली वाळू, तिच्यावर टोपली, टोपलीत अंडी आणि वर ओलसर पोतं, अंड्यांना न टेकणारं. कोरड्या हवेत यामुळे बरेच अंश कमी होतात. पाटण-शिराळ्याच्या पावसाळी हवेत ही युक्ती चालत नाही, पण तिथे तेव्हा गरजही नसते.

टोक खाली, रुंद बाजू वर. धुवू नका, घाण कोरड्या कापडाने पुसा. अति मोठी, चिरलेली, वाकडी अंडी आणि तलंगेची पहिल्या तीन-चार आठवड्यांची बारीक अंडी बाजूला काढा. गावरानसाठी ४० ते ५० ग्रॅमचं अंडं योग्य.

खुडूक कोंबडीखाली किती अंडी ठेवावीत?

दहा ते बारा. अंगाखाली एकही अंडं उघडं दिसता कामा नये. थंडीत दोन कमी.

पाटीत खाली बोटभर माती, वर पाचट किंवा वाळलेलं गवत, मध्ये खळगा. कोंबडीला आधी उवांची पावडर लावा. दोन दिवस खोट्या अंड्यांवर बसवून बघा, हटत नसेल तरच रात्री अंधारात खरी अंडी सरकवा. सगळी एकाच वेळी ठेवा आणि पेन्सिलीने खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच पाटीत अंडी घालतात आणि मग पिल्लं आठवडाभर मागेपुढे निघतात. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं ती उठते, खाते, ढीगभर हगते. उठत नसेल तर उचलून बाहेर ठेवा.

मशीनमध्ये किती तापमान, किती ओलावा?

पंख्याच्या मशीनला ३७.५ ते ३७.७ अंश. पंखा नसलेल्या पेटीला ३८.३ ते ३८.८, आणि थर्मामीटर अंड्याच्या माथ्याच्या उंचीला. पेटीत वर-खाली दोन-तीन अंशांचा फरक पडतो, त्यामुळे तो झाकणाला टांगला तर आकडाच खोटा.

ओलावा पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. हा नियम जागा बघून वापरा. जतमध्ये मार्चला दोन भांडी पाणी लागेल. पाटणला जुलैत एकही नाही. स्वस्त ओलावामापकापेक्षा वजनावर विश्वास ठेवा: ५० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी साधारण ४४ ग्रॅम भरायला हवं. सोनाराचा छोटा काटा यासाठी पुरतो.

दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा एवढ्यासाठी की रात्रीची लांब वेळ रोज त्याच कुशीवर जाऊ नये. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका.

वीज गेली तर झाकण उघडू नका, गोधडी टाका आणि हवेची भोकं मोकळी ठेवा. तास-दोन तासांत फारसं बिघडत नाही. थंडीपेक्षा अति उष्णता घातक आहे: थर्मोस्टॅट अडकून ४० च्या वर गेलं तर पूर्ण खेप जाते.

टॉर्चने तपासणी कधी करायची?

सातव्या आणि चौदाव्या रात्री. पुठ्ठ्याची नळी मोबाइलच्या दिव्यावर धरा आणि अंड्याची रुंद बाजू तिला लावा. मध्ये काळा ठिपका आणि त्यातून निघालेलं कोळ्याच्या जाळ्यासारखं लाल शिरांचं जाळं म्हणजे जिवंत. स्वच्छ पिवळसर म्हणजे फोल. शिरा नाहीत पण रक्ताची गोल कडी आहे, तर सुरुवातीला जीव धरला आणि मेला.

हिशेब वहीत दोन आकड्यांत लिहा. बारा अंड्यांत दहा फलित, त्यातून आठ पिल्लं: फलन ८३ टक्के, फलित अंड्यांवर उबवण ८० टक्के. 'बारातून आठ' एवढंच लिहिलं तर दोष कोंबड्याचा की उबवणीचा हे कधीच कळत नाही.

पिल्लं शेवटच्या दोन दिवसांत अंड्यातच मरतात. का?

बहुतेक वेळा ओलाव्यामुळे. आधी जास्त ओलावा राहिला तर पिल्लू फुगलेलं, चिकट, हवेच्या पोकळीत पोचण्याआधीच गुदमरतं. शेवटी कमी पडला, किंवा उत्सुकतेने झाकण सारखं उघडलं, तर आतली पातळ त्वचा वाळून त्याला आवळते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच पिल्लं निघत असतील तर तापमान जास्त आहे. बावीस-तेवीसवर गेली तर कमी.

चोच दिसल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. कवच सोलून मदत करू नका, रक्तस्राव होतो.

टोकदार अंड्यातून नर निघतो का? आणि विजेच्या कडकडाटाने अंडी खराब होतात का?

नाही. नर की मादी हे कोंबडीच्या बीजावरून ठरतं, आकाराशी संबंध नाही. विजेचंही तसंच, पाटीत खिळा किंवा कोळसा ठेवायला हरकत नाही, पण वळवाच्या पावसात अंडी खराब होतात ती कोंबडी घाबरून उठल्याने किंवा पाटी भिजल्याने. पाटी आडोशाला ठेवा.

कोणत्या महिन्यात उबवणी धरावी?

आखाडात विकायचे कोंबडे जानेवारी-फेब्रुवारीत फुटलेले हवेत, म्हणजे पाच महिन्यांत सव्वा किलोच्या आसपास जातात. त्या वेळी हवा थंड, साठवण सोपी आणि फलनही उत्तम. अडचण एवढीच की डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि कोंबड्या अंडी कमी देतात. खुराड्यात पहाटे दोन-तीन तास बल्ब लावला तर फरक पडतो.

पिल्लं निघाल्यावर पहिलं काय?

ऊब, मग पाणी, मग दाणा. पोटात बलक असतो, त्यामुळे पहिला दिवस उपाशी गेला तरी घाबरू नका. ब्रूडरमध्ये (पिल्लांना दिव्याची ऊब देण्याच्या जागेत) पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गठ्ठा करून बसली तर थंडी, कडेला पांगली तर गरमी. लशी अशा: लासोटा (मानमोडीची) पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची चौदाव्या दिवशी, लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात, देवीची लस सहा-सात आठवड्यांना आणि आर-टू-बी (हीही मानमोडीची) आठ ते दहा आठवड्यांना. लशीची बाटली शंभर पक्ष्यांची असते, तेव्हा वाडीतल्या चार घरांनी एकाच दिवशी ठरवून घ्यावी. बर्फातून आणा आणि दोन तासांत संपवा.

कोंबडा माणसांवर धावून येतो. पैदाशीला ठेवावा का?

कोंबड्यांना घारीपासून वाचवणारा आणि लहान पोरांच्या डोळ्यावर उडी मारणारा, हे दोन वेगळे कोंबडे आहेत. दुसऱ्याचा स्वभाव त्याच्या पिल्लांतही उतरतो. जत्रेला विकायचा तो हाच.